पांढऱ्या पाण्याची जखीण

मानवतकडून आलेल्या एस.टी.तून त्या अमावस्येला अकरा पोटुशा बाया उतरल्या आणि अकराही जणी भुजंगबुवाच्या ओट्यापुढं रांगेत बसल्या. मागं सासवा, त्यांच्याही मागं गावातले बाप्ये. शहाऐंशी सालचा चैत्र. ऊन रणरणत होतं, तरी कडूबाईच्या अंगावर काटा होता. तिची सून पंचफुला रांगेत तिसरी होती. सहावा महिना.

"अंगावरून पांढरं जातं का, लेकी?" बुवा एकेकीला विचारायचा.

मान खाली जायची. म्हणजे हो.

"जखीण हाय! बाळंतपणात मेलेली. लेकराच्या वाटणीचं दूध पितीया अन् उरलेलं सांडतीया!"

मग तो एक पिवळी चिंधी बाईच्या मुठीत द्यायचा आणि तांब्यातलं पाणी शिंपडायचा. चिंधी लालभडक व्हायची. बाई किंचाळायची, गर्दी मागं सरायची.

उतारा एकच होता. धुनीची राख आणि धुण्याचा सोडा पाण्यात कालवून सासूनं सुनेला एकवीस दिवस आतून धुवायचं. मग पुन्हा यायचं. दुसऱ्या तांब्यातलं पाणी पडलं की चिंधी पिवळी होणार, म्हणजे जखीण गेली.

कडूबाईनं दोन वर्षांमागं हे केलं होतं. पंधराव्या दिवशी पंचफुलाला ताप भरला. सातव्या महिन्यातच पोरगा झाला, मांजराच्या पिलासारखा एकदा रडला आणि थंड पडला. तेव्हापासून जातं फिरलं, दाराची बिजागरी वाजली, की कडूबाईला तो आवाज ऐकू यायचा. "एखादा दिवस चुकला असंल," बुवा म्हणाला होता. कुठला? ती बोटांवर पुन्हा पुन्हा मोजायची.

पंचफुलाची पाळी आली. चिंधी लाल झाली. ती किंचाळली नाही, नुसती सासूकडं बघत राहिली.

तेवढ्यात मागून एक बाई पुढं आली. उपकेंद्राची नर्स, महादेवी. धनुर्वाताच्या सुया द्यायला आलेली. तिनं बुवापुढची एक चिंधी उचलली आणि झुपकेदार मिशांच्या सरपंचांच्या हातात दिली.

"मुठीत धरा, आबा."

तिनं त्याच तांब्यातलं पाणी शिंपडलं. चिंधी लालभडक.

"आश्रुबाआबा, कितवा महिना?"

गर्दीनं सरपंचांच्या मुठीकडं बघितलं. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा माळ हसू लागला.

"देवाची थट्टा करायलीस? जीभ झडंल तुजी!" बुवा ओरडला.

"झडू द्या." तिनं बोट पाण्यात बुडवून हुंगलं. "चुन्याची निवळी हाय ही. चिंधी हळदीची. हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू असंच तर करतात. दुसऱ्या तांब्यात लिंबाचं पाणी असंल. ते पडलं की परत पिवळी."

"पण बाई," कडूबाई म्हणाली, "पांढरं तर खरंच जातंय की सुनेला!"

"जाणारच. तुम्हांलाही गेलं असंल. पोटुशी बाई अन् पांढरं जात न्हाई, अशी शोधून सापडायची न्हाई. म्हणून तर बुवाचा नेम चुकत न्हाई." महादेवी खाली बसली. "मावशी, दुधाला विरजण लावलं की काय होतं?"

"आंबतं."

"ते काम बारीक जंतू करतात. तसलेच जंतू बाईच्या अंगात, बाळाच्या वाटेवर राहतात. दिवस गेले की तिथं त्यांचं खाणं वाढतं, तेही वाढतात, सगळं आंबट ठेवतात. त्या आंबटात दुसरे वाईट जंतू सहसा टिकत न्हाईत. ते राखणदार हायेत, मावशी."

"मग राख?"

"राख अन् सोडा आंबटपणा मारतात. राखणदार मेले की दार मोकळं. रोग आत शिरतो. ताप येतो, कधी अवेळी कळाही."

कडूबाईनं बोटांवर पुन्हा एकदा मोजलं. "म्या एक बी दिवस चुकवला न्हवता." आणि मग, "त्यानंच गेलं का लेकरू?"

महादेवीनं नजर वळवली नाही. "नक्की सांगता येत न्हाई. सातव्या महिन्यात कळा येण्याची कारणं पुष्कळ. पण राखेनं भलं झालं न्हाई, एवढं खरं."

बुवा तांबे आवरून उठला होता. सरपंचांनी त्याचा हात धरला. "बसा की. आमचं बाळंतपण व्हायचंय अजून!"

या वेळी कडूबाई हसली नाही. ती ओट्यावर चढली.

"बायांनो, सुनांना घरी न्या. म्या ह्या हातानं धुतलं. नुसतं पांढरं जात असंल तर जाऊ द्या. घाण वास आला, खाज सुटली, ताप आला, रगत दिसलं, तर दवाखाना गाठा. अन् कुणी जखीण दावली तर म्हणा, परत दाव. चिंधी आमची, पाणी आमचं, अन् मूठ आमच्या गड्याची. एवढं इचारायला लाजू नगा."

तिनं पंचफुलाकडं बघितलं.

"म्या लाजले."