एका टोकाला हात, एका टोकाला मशीन

मी टेलरच्या दुकानातली नमुन्याची पट्टी बोलतेय. हातभर लांब, राखाडी कापडाची. माझ्या एका टोकाला हातशिलाई आहे, दुसऱ्या टोकाला मशीनची. कपड्याची खालची कड कशी मुडपून हवी, हे गिऱ्हाइकाने मला चाचपून ठरवावं, म्हणून मला टेबलाशेजारी टांगलंय.

माझं मशीनचं टोक मास्तरांनी चुटकीसरशी शिवलं. हाताचं टोक त्यांच्या आत्याने केलं आणि त्यात तिची अर्धी दुपार गेली. कापडाचा एकेक धागा उचलून ती असा टाका घाली, की सुलट बाजूला मागमूस दिसू नये. मास्तर पोरवयात आईवेगळे झाले, तेव्हापासून तिनेच त्यांना वाढवलं. खिडकीजवळची खुर्ची तिची.

"काम असेल तोवर येईन हो," ती म्हणायची. "उगाच शोभेला बसायला मला नाही जमायचं. आणि घरी तरी काय आहे? चार भिंती."

म्हणजे तिचं दुकानात येणं माझ्या एका टोकावर अवलंबून होतं. आणि लोकांची तऱ्हा काय सांगू! हाताचं टोक उलटंपालटं करतात, तोंडभरून कौतुक करतात. "वा! टाका दिसतच नाही!" मग मास्तर सांगतात, याला चार दिवस लागतील. "छे, मग मशीननेच करा." कौतुक आत्याचं, काम मशीनला. बोटं लागून लागून माझं हाताचं टोक काळवंडलं, मशीनचं मात्र अजून कोरं करकरीत आहे. मला या कौतुकाचा मनस्वी राग येतो.

शेवटी एकच गिऱ्हाईक उरलं, निवृत्त शाळामास्तरीणबाई. त्यांना प्रत्येक झगा आत्याच्याच हातचा लागे. पण आत्याची नजर अधू झाली होती, टाके वरखाली जाऊ लागले होते. मास्तर ते गुपचूप उसवून पुन्हा घालत.

गेल्या महिन्यात त्यांनी नवं मशीन आणलं. ते म्हणे हातासारखाच लपता टाका घालतं. त्यांनी त्यावर एक पट्टी शिवली, माझं मशीनचं टोक मुठीत झाकलं आणि आम्हा दोघींना आत्यापुढे धरलं.

"आत्या, यातलं तुझं कुठलं, ओळख बघू."

"त्यात काय ओळखायचंय? डोळे मिटून सांगते!" तिने खरंच डोळे मिटले आणि दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं, मी, मी!

"हे माझं," ती नव्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली. "बघ, किती एकसारखं आलंय. आणि ही दुसरी कुणा शिकाऊ पोरीची दिसते."

 मास्तरांनी मला हळूच मागे ओढलं, तशी तिने डोळे उघडले आणि खिडकीच्या उजेडात मला जवळ धरून पाहिलं. तिला कळलं.

"मलाही ओळखता आलं नसतं गं," मास्तर घाईघाईने म्हणाले.

"चांगलं आहे मशीन," ती म्हणाली. "वापर." चष्मा डबीत ठेवून ती उठली, ती पुन्हा आली नाही. तिच्या खुर्चीवर आता शिवून झालेल्या कपड्यांचे गठ्ठे असतात.

परवा शाळामास्तरीणबाई नवा झगा न्यायला आल्या. त्यांनी कड उलटून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "आत्यांच्या हाताला तोड नाही. या वयात इतका सुबक टाका! इतकं सुंदर काम त्यांनी आजवर केलं नव्हतं. त्यांना माझा निरोप द्याल ना?"

"देतो," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

मला हात नाहीत, नाहीतर त्यांच्यापुढे जोडले असते. मास्तर, एवढं ऐका माझं. तो निरोप तिला देऊ नका.