पुट्टीला लावलेलं वळण

"अवो, हे रगत कशाचं?"

कमलम्मानं चादरीचं टोक उचललं. नागप्पाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारी तीन बारीक ओरखडे होते. त्यांतून आलेलं रक्त चादरीवर वाळून काळपट झालं होतं. नागप्पा पलंगावर बसून आमटीत भाकरी कुस्करत होता.

"कुटं?" त्यानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

साखरेनं त्याचे दोन्ही पाय बधिर करून टाकले होते. तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात मागांच्या रांगांतून फिरलेले पाय. नजरही अधू झाली होती. दारात आलेलं माणूस तो आवाजावरून ओळखायचा. गेल्या वर्षी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. चपलेत खडा गेला आणि तो दिवसभर कळला नाही, निमित्त एवढंच. "यापुढं जखम झाली तर पाय वाचेलच असं नाही," डॉक्टरांनी सांगितलं होतं. कमलम्मानं ते ऐकलं, मान हलवली. रडू आलं नाही. ती अंगणवाडीत मदतनीस. दुसऱ्या दिवशी खिचडीचे तांदूळ निवडायला वेळेवर हजर होती.

मलम लावताना तिला पलंगाखालून शेपूट दिसलं. पुट्टी मांजर. शेजारच्या गच्चीवरून पिलू असताना उतरली आणि या घरचीच झाली.

कमलम्मानं केरसुणी आपटली. पुट्टी पळाली. दुसऱ्या दिवशी पलंगाजवळ दिसली तेव्हा तिच्या अंगावर तांब्याभर पाणी फेकलं. मग मांजर दोन दिवस धान्याच्या कोठीमागं दडून बसली, तिथंच घाण करून ठेवली. तिसऱ्या दिवशी कमलम्मा अंगणवाडीतून आली, तर नागप्पाच्या घोट्यावर नवा ओरखडा.

तिनं पुट्टीला पिशवीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी मांजरीचे दात पाहिले, नखं कापली.

"मारता का हिला?"

"मारत न्हाय. केरसुणी दाखवते. पाणी टाकलं एकदा."

"त्यानं ती तुम्हाला घाबरेल, पण सवय जाणार नाही. चादरीखाली हललेला पाय तिला उंदीर वाटतो. घरात कुणी पायानं खेळवतं का तिला?"

"मालक पडून असतात दिवसभर. ते कशाला खेळवतील?"

"विचारून तर बघा." मग त्यांनी सावकाश समजावलं. काठीला चिंधी बांधून सकाळ-संध्याकाळ खेळवायचं, खेळ झाला की लगेच खायला द्यायचं. पायांत जाड मोजे. "आणि पाय हलवायचा नाही. एकदासुद्धा नाही. तुम्ही एक दिवस ढिलाई केलीत की ती पुन्हा पहिल्या दिवसावर येते."

घरी आल्यावर कमलम्मानं विचारलं.

"व्हय," नागप्पा म्हणाला. "मीच खेळवतो."

"जाणूनबुजून?"

"दुपारी तू नसतीस. मी बोटं हलवतो. हलली का न्हाय, मला कळत न्हाय की. दिसतबी न्हाय. ती उडी मारती, चादर वढती, तवा कळतं. हलली म्हणून."

कमलम्मा उभी राहिली. ती चुलीकडं गेली, चहाचं आधण ठेवलं, आणि तिथूनच म्हणाली, "आजपासनं बंद."

"बरं."

तिनं जुन्या लुगड्याची पट्टी काठीला बांधली. अंगणवाडीत चावरं पोर आलं तर त्याला मारून भागत नाही, हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, हे तिला वीस वर्षांत कळलं होतं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती पट्टी फरशीवरून ओढायची, संध्याकाळी पुन्हा. मांजर पट्टीमागं धावायची, पकडायची, मग वाटीतलं खायची. नागप्पानं शब्द पाळला. मोजे घातलेले पाय फळीसारखे सरळ ठेवून तो दिवसभर पडून राहायचा.

तीन आठवड्यांत पुट्टीनं पलंगाचा नाद सोडला. ओरखडे वाळले.

"छान भरल्या जखमा," पाय तपासताना डॉक्टर म्हणाले. "काय केलंत?"

"मांजरीला वळण लावलं," कमलम्मानं सांगितलं. डॉक्टर हसले. नागप्पा हसला नाही.

त्या रविवारी दुपारी मोजे धुवून वाळत घातले होते. कमलम्मा घरीच होती, मेथी निवडत बसली होती. पुट्टी उंबऱ्यात अंग चाटत होती.

"पुट्टी, बा. बा," नागप्पानं हाक मारली. मांजरीला तो नेहमी कानडीतच बोलवायचा.

पुट्टीनं एक कान वळवला. उठली नाही.

"बा गं," तो पुन्हा म्हणाला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "कमळा, बघ की जरा. मी हलवतोय."

कमलम्मानं मेथी खाली ठेवली. पलंगाजवळ जाऊन ती वाकली. नागप्पाचा चेहरा जोर लावून ताणला होता, मानेची शीर वर आली होती. नऊ बोटं जागची हलत नव्हती. तिनं नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हलली का?"

"हलली की."

"चांगली?"

"लई चांगली हलली."

"बरं," नागप्पा म्हणाला आणि त्यानं उशीवर मान टेकली. कमलम्मानं चादर ओढून त्याचे पाय झाकले, कडा चारी बाजूंनी नीट खोचल्या, आणि ती पुन्हा मेथी निवडायला बसली.