दोनाचा आकडा

तपासणीला आलेल्या रेल्वेच्या साहेबानं तिकिटांच्या रजिस्टरातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"शिवरात्रीला पाचशे चाळीस तिकिटं?"

"जत्रा होती जी," स्टेशनमास्तर ईश्वरदास म्हणाले. "नव्वद दिवसांची सरासरी आठ निघते. पाचाच्या खाली गेली तरच गाडी थांबणं बंद, असं तुमच्याच कागदात हाये."

खिडकीबाहेरच्या बाकावर धनलाल बसला होता, बायकोला, रुख्माला, खांद्याशी टेकवून. गोंदियाच्या दवाखान्यात तिला रोज सुई. इथं गाडी थांबली नाही तर पुढचं स्टेशन बैलगाडीनं तेरा मैल, सगळं जंगल. तेवढा दम तिच्या छातीत उरला नव्हता. धनलालचं तोंड मात्र गप्प राहणारं नव्हतं.

"सरासरी लय चांगली चीज हाये, साहेब. मास्तर टकले, माये केस खांद्यावर. दोघाची सरासरी काढा, मास्तरले बी कंगवा लागते."

रुख्मा हसली, आणि हसता हसता खोकत राहिली. तोंडावरचा पदर तिनं मुठीत दडवला.

साहेब हसला नाही. "हाच तर घोळ आहे. एका दिवसाची गर्दी तुम्ही नव्वद दिवसांवर पसरली." त्यानं सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लिहून काढले. मधोमध दोन आला. त्याच्या अलीकडे दोन, पलीकडेही दोनच. "तुमचं रोजचं खरं गिऱ्हाईक एवढंच. कोण हे दोघं?"

ईश्वरदासांनी बाकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

"आमीच जी," धनलाल म्हणाला. "गावात दुसरं कोणी बिमार पडत नाई. आमी कोणाले नंबरच लागू देत नाई."

साहेबाची नजर रुख्माच्या मुठीवर गेली. "किती दिवस चालणार सुया?"

"डाक्टर म्हणते, पाण्यापावसापर्यंत."

रुख्मानं नवऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

साहेबानं पेनाला टोपण लावलं. "पुढचे तीन महिने बघतो. पाचाचं मी सांभाळून घेतो, पण दोनाचा एक झाला, तर मला काही करता येणार नाही."

मे महिन्यात बारा-तेरा दिवस ईश्वरदासांनी शून्य लिहिलं. मग एका सकाळी धनलाल आला. एकटाच. डोकं तुळतुळीत भादरलेलं.

"आता काढा सरासरी, मास्तर. कंगवा दोघालेई लागत नाई."

मास्तरांनी तिकिटांचं पुस्तक पुढं ओढलं.

"दोन द्या."

"दोन?"

"केवलरामची सून खोकून रायली. दवाखान्याचं नाव काढलं का रडते. तिचं मन होयेपर्यंत गाडी थांबली पायजे."

मास्तरांनी दोन तिकिटं फाडली, रजिस्टरात दोन लिहिलं. गाडी आली, मिनिटभर थांबली, गेली. धनलाल बाकावरच बसून होता, नेहमीच्या टोकाला, बाजूची जागा सोडून.