मैनेने मोडलेली शपथ

केस कापण्याच्या दुकानात तिला सगळ्या मैना म्हणत, कारण हातातल्या कात्रीपेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. एखादीचे केस विरळ झाले असले की म्हणायची, "अहो, आत अक्कल वाढली की वर जागा कमी पडायचीच!" बाई हसून बेजार. भर उकाड्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "गोरी व्हायचंय मला," आणि विषय तिथेच संपायचा.

बाह्यांखालचं एकट्या ताईला ठाऊक होतं. आई गेल्यापासून मैना या थोरल्या बहिणीकडेच राहायची. एकदा न्हाणीघराची कडी नीट लागली नाही आणि ताईला तिचा दंड दिसला. जुने व्रण, त्यांच्यावर नवे.

"कोणी केलं हे?"

"मीच."

"का गं? काय कमी पडलं तुला या घरात?"

काहीच कमी पडलं नव्हतं. म्हणूनच सांगणं अवघड होतं. "डोक्यात कालवा होतो ताई. तू अशी, तू तशी, असं चालूच. हे केलं की सगळं गप्प होतं."

"किती वेळ?"

"थोडाच. मग लाज वाटते. आणि लाजेचा कालवा आधीच्यापेक्षा मोठा असतो."

ताईला यातलं काही उमगलं नाही, पण ती हातपाय गाळून बसणारी नव्हती. तिने मैनेला समुपदेशक बाईंकडे नेलं. वर स्वतःच्या लेकीला पुढ्यात उभी करून म्हणाली, "हिच्या डोक्यावर हात ठेव आणि शपथ घे." बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शपथ नको होती." ताई उसळली, "आमच्यात शब्दाला किंमत असते!"

मैनेने उन्हाळाभर शब्द पाळला. ऊर्मी आली की ती गच्चीवर फेऱ्या मारायची, नाहीतर बाईंना फोन लावायची. लाट ओसरायची. पण रिकाम्या संध्याकाळी ती नुसती बसून राहायची. इतकी वर्षं जे तो कालवा गप्प करत होतं त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नव्हतं.

मग मालकीणबाईंनी नवं दुकान तिच्या हाती सोपवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने फोनवरच आनंदाने आरोळी ठोकली, "बघ, मी म्हणत नव्हते?" मैनाही हसली. घरी येताना मात्र डोक्यात पुन्हा कालवा सुरू झाला. आता चुका होणार, आता सगळ्यांना कळणार आपण काय लायकीच्या आहोत. फोन पर्समध्येच राहिला. त्या संध्याकाळी तिने पुन्हा स्वतःला इजा केली.

तिने लपवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "ताई, शपथ मोडली."

ताईने आधी वळून लेकीकडे पाहिलं. ती खेळत होती, धडधाकट. क्षणभराचीच नजर ती, पण मैनेने पाहिली. त्या नजरेपायी त्याच आठवड्यात पुन्हा झालं. शपथ मोडलीच होती, आता सांभाळायला काही उरलंच नव्हतं.

या वेळी जखमेला औषध लावताना ताई रडली. "मी शपथ घालायला नको होती."

"पुन्हा नाही करणार, असं म्हणू का?"

"नको. खोटं ठरलं तर तुलाच जड जाईल."

"मग काय करू?"

ताई पट्टी गुंडाळत राहिली.

नवं दुकान चांगलं चाललंय. मैना दर आठवड्याला बाईंकडे जाते. कधी कधी बरेच दिवस नीट जातात, आणि जितके जास्त जातात तितकी तिला धास्ती वाटते. हल्ली ताई काही विचारत नाही. मैना कामावरून आली की ताई तिच्या खोलीत जाऊन बसते, कपड्यांच्या घड्या घालते. मैना कधी बोलते, बहुतेकदा नाही.