खणातलं दूध

घरात दोन फ्रिज होते आणि दोन बायका होत्या, आणि कुठला फ्रिज कुणाचा याबद्दल कधी कुणाचा गोंधळ झाला नाही. स्वयंपाकघरातला उंच, पांढरा, दार जरा ढकलूनच लावावं लागणारा फ्रिज सासूचा. बेडरूमच्या कोपऱ्यातला बुटका, दोन बाजूंना कड्या असलेला, गाडीत घालून न्यायचा फ्रिज सुनेचा. सासू त्याला डबडं म्हणायची. ‘तुझं डबडं रात्रभर गुरगुरतं, डोळ्याला डोळा लागत नाही,’ हे ती रोज सकाळी ऐकवायची. डबडं रात्रभर बंद असायचं, झाकण उघडं टाकून वाळत पडलेलं असायचं, हा भाग वेगळा.

सून लिफ्ट तपासायच्या कामावर होती. उंच इमारतीत जायचं, लिफ्टच्या टपावर उभं राहून दोर आणि ब्रेक बघायचे, सही ठोकायची आणि पुढच्या इमारतीला लागायचं. बाळ पालथं पडायला लागलं आणि तिची रजा संपली. तेव्हापासून ती रोज कुठल्या तरी तळघरात गाडी उभी करायची, काचांना टॉवेल लावायची आणि मागच्या सीटवर पंप घेऊन बसायची. पंप घरघरत दूध ओढायचा आणि ती ओठ दाबून बसायची, कारण दुखायचं. बाहेरून वॉचमन काचेवर टकटक करून विचारायचा, ‘मॅडम, बरं वाटत नाही का?’ बाटली भरली की शेजारी पट्ट्यानं बांधलेल्या फ्रिजमध्ये जायची, आणि मग ती बटणं लावून पुन्हा लिफ्टच्या टपावर.

त्या फ्रिजची तिनं जी बडदास्त ठेवली होती ती नवऱ्याच्या वाट्याला कधी आली नाही. सकाळी आंघोळीला जाण्याआधी तो भिंतीच्या प्लगला लावून आधीच थंड करून घ्यायचा, म्हणजे गाडीत त्याच्यावर ताण येत नाही. जिन्यावरून नेताना आडवा होऊ द्यायचा नाही, झालाच तर थोडा वेळ उभा ठेवून मगच चालू करायचा. त्याच्या जाळीसमोर पिशवी टेकवायची नाही, त्याला श्वास घ्यायला जागा लागते. संध्याकाळी सोड्याच्या पाण्यानं आतून पुसायचा, झाकणाच्या रबराच्या घडीघडीत फडकं फिरवायचं, नाहीतर तिथं काळी बुरशी धरते. हे सगळं ती करत असताना सासू दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, “पोराचे लंगोट मी धुवायचे आणि ही डब्याला न्हाऊ-माखू घालतेय.”

घरच्या फ्रिजमध्ये बाटल्या ठेवण्यावरून पहिल्याच दिवशी वाजलं होतं. ‘माणसाचं दूध माझ्या दह्याशेजारी नको,’ असं सासूनं जाहीर केलं. खूप कटकट झाल्यावर खालचा भाजीचा खण मिळाला, तोही उपकार केल्यासारखा. संध्याकाळी बाटल्या डबड्यातून खणात जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सासूनं त्या गरम पाण्यात धरून बाळाला पाजायच्या, असं ठरलं होतं. संध्याकाळी सून घरी आली की बाटल्या धुऊन जाळीवर उपड्या घातलेल्या दिसायच्या. त्या उपड्या बाटल्या बघितल्या की दिवसभराचं दुखणं वसूल झाल्यासारखं तिला वाटायचं. दोघींचं आपसात एवढंच काय ते सुरळीत चाललं होतं.

त्या दिवशी एका जुन्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत माणसं. सून तिथंच होती, त्यामुळे सुटका नव्हती. अग्निशमनची गाडी आत यायला जागा हवी म्हणून वॉचमननं तिची गाडी तळघरातून काढून उन्हात नेऊन लावली. तो भला माणूस, त्यानं किल्लीसुद्धा जपून ठेवली. पण इंजिन बंद, काचा बंद, वर ऊन. एकदा या फ्रिजनं गाडीची बॅटरी पिऊन टाकली होती आणि चार अनोळखी माणसांनी धक्का मारून गाडी चालू केली होती. तेव्हापासून सुनेनं बटण असं लावून ठेवलं होतं की बॅटरी जराशी उतरली की फ्रिजनं आपलं आपण बंद व्हावं. फ्रिजनं सांगितलेलं काम चोख केलं.

माणसं बाहेर निघाली तेव्हा अंधार पडत आला होता. सून गाडीत बसली आणि फ्रिजवरचा तापमानाचा आकडा दिसेना. घरी येऊन बेडरूमचं दार लावून तिनं झाकण उघडलं, तर आतून गरम वाफ तोंडावर आली. दोन बाटल्या होत्या. चांगलं दूधही ठेवलं की साय वर धरून वेगळं दिसतं, पण हलवलं की एक होतं. हे हलवूनही एक होईना. गोळे गोळे फिरत राहिले, आणि टोपण सैल केल्यावर आंबूस वास नाकात शिरला.

आता साधी गोष्ट होती. बाहेर जाऊन म्हणायचं, ‘फ्रिज बंद पडला, दूध नासलं, उद्या सकाळी मी काढून ठेवते.’ पण हे वाक्य सासूपुढे उच्चारायचं म्हणजे तिच्या हातात काठी द्यायची. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे ती पुढची कित्येक वर्षं पुरवून पुरवून वापरणार. सुनेनं टोपण घट्ट केलं आणि ठरवलं, आधी बाळाला घेऊ, मग बाथरूममध्ये गुपचूप ओतून टाकू. ती बाळाला घेऊन आडवी झाली, बाळ प्यायला लागलं, आणि कामाच्या कपड्यांतच तिला अशी झोप लागली की कुणी घर उचलून नेलं असतं तरी कळलं नसतं.

जाग आली तेव्हा ऊन चांगलं आत आलं होतं. शेजारी बाळ नव्हतं. कोपऱ्यात डबडं लख्ख पुसलेलं, झाकण उघडं. नवरा बूट घालत होता.

“रात्री मी सगळं आवरलं,” तो म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं त्या फ्रिजला हात लावला होता आणि कौतुकाची वाट बघत होता. “फडकं पण वाळत घातलं.”

“आणि दूध?”

“खणात ठेवलं ना. तू ठेवतेस तसंच.”

ती उठली ती थेट स्वयंपाकघरात. खण उघडला, रिकामा. जाळीवर दोन बाटल्या उपड्या. सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

“दूध…” सुनेनं जाळीकडे बोट केलं. “पाजलंत?”

“मग काय उपाशी ठेवू? तू घोरत पडली होतीस. पहाटे एक पाजली, आत्ता एक. चाटूनपुसून प्यायला, थेंब ठेवला नाही.”

सुनेनं बाळाला ओढूनच घेतलं. पोट चाचपलं, कपाळाला हात लावला, लंगोट उघडून बघितला. बाळानं तिच्या नाकाला धरलं आणि ते खिदळलं. पोट मऊ, अंग थंड, चेहरा मजेत. ती डॉक्टरला फोन लावायला निघाली होती, पण बाळानं तिच्या तोंडाजवळ तोंड आणून ढेकर दिली. वास आंबूस नव्हता, तिच्या दुधाचाही नव्हता. बिस्किटाच्या दुकानात येतो तसला गोडसर वास होता. डब्यातल्या पावडरीचा.

ती जागच्या जागी उभी राहिली. नवऱ्यानं दारातून ‘येतो’ म्हटलेलं तिनं ऐकलं आणि दार लागलेलं ऐकलं.

“आई, त्या दोन्ही बाटल्या नासलेल्या होत्या.”

सासू ओटा पुसायला उठली होती. तिचा हात थांबला.

“कालच फ्रिज बंद पडला. दूध फाटलं होतं. ते प्यायला असता तर आत्ता ओकत पडला असता.”

“मग चांगलंच झालं की,” सासू म्हणाली. “वाचला.”

“डबा कुठं आहे?”

सासूनं उगाच आढेवेढे घेतले नाहीत, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. पिठाच्या डब्यांमागे हात घातला आणि पावडरीचा डबा काढून ओट्यावर आदळला. तळाला थोडीशी उरली होती.

“कधीपासून?”

“तू कामाला लागलीस तेव्हापासून.”

“रोज?”

“रोज. सिंकमध्ये ओतते, बाटली धुते, उपडी घालते. बघत पण नाही त्यात काय आहे ते.”

सुनेच्या डोळ्यांपुढे सगळी तळघरं आली. काचांवरचे टॉवेल, वॉचमनची टकटक, छातीत उठणारी कळ. एवढं सगळं दुसऱ्या दिवशी याच सिंकमधून खाली जात होतं आणि ती उपड्या बाटल्या बघून खूश होत होती. तिला सासूचा जीव घ्यावासा वाटला. अगदी खरंच वाटला, एक क्षणभर.

“मी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

“काही नाही केलंस,” सासू म्हणाली. “तू नसतेस. दिवसभर मी असते. पोर रडलं तर मी, पडलं तर मी, खोकलं तर मी पाठ चोळते. आणि पाजायची वेळ आली की तू! घरात नसताना पण तूच. मी काय, नुसती बाटली धरायला? पाणी मी उकळते, पावडर मी ढवळते, मी निववते. तेवढं एक तरी माझ्या हातचं त्याच्या पोटात जाऊ दे.”

“मग सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर तू दिलं असतंस?”

दिलं नसतं, हे दोघींनाही माहीत होतं.

बाळाला रात्रीपासून पाजलं नव्हतं आणि तिची छाती दगडासारखी झाली होती, सदरा ओला झाला होता. तिनं तिथंच खुर्चीवर बसून बाळाला जवळ लावलं. बाळानं तोंड फिरवलं. पुन्हा लावलं. पोट तुडुंब भरलेलं, त्याला नको होतं. ते वळवळलं आणि आजीकडे बघून त्यानं दोन्ही हात पुढे केले.

सासूनं त्याला उचललं नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

सुनेनं बाळाला सतरंजीवर ठेवलं, पंप आणला आणि सासूच्या देखत, तिच्याच स्वयंपाकघरात बसून लावला. पंपाची घरघर सासू आज पहिल्यांदा ऐकत होती. सून दुखलं तेव्हा कण्हली, लपवलं नाही. बाटली भरली. तिनं ती सासूच्या हातात दिली.

“ओता.”

“काय?”

“रोज ओतता तसं. माझ्यासमोर.”

सासूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं बाटली घेतली, सिंकवर नेली आणि तिरकी केली. पांढरी धार पडायला लागली. अर्धी बाटली झाली आणि तिचा हात सरळ झाला. तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली, मग परत पहिल्या हातात.

“गरम आहे ही,” ती म्हणाली. तक्रार करावी तसं म्हणाली.

“असणारच. माझ्या अंगातून आलंय.”

सासूनं बाटली ओट्यावर ठेवली. आजवर तिच्या हातात खणातल्या गारेगार बाटल्याच आल्या होत्या. मग तिनं नळ सोडून सिंक धुतलं, नीट, कोपऱ्यांसकट. सतरंजीवर बाळ कुरकुरायला लागलं होतं, पण दोघींपैकी कुणी पुढे झालं नाही.

“बरं वाटलं आता?” सुनेनं विचारलं.

“नाही,” सासू म्हणाली. नळ बंद करून तिनं पदराला हात पुसले. “उद्याच्याला किती ठेवणार आहेस?”

“दोन.”

“ठेव.”

पाजीन, असं ती म्हणाली नाही. पाजाल का, असं सुनेनं विचारलं नाही. विचारून काय उपयोग होता? आज दांडी मारली तरी उद्या सकाळी बाळाला याच बाईच्या हातात देऊन तिला कामावर जायचं होतं.