डिसेंबरची मॅच

"डूलीला काढलं ते बरंच झालं, अंकल," रिझवान म्हणाला. "या वर्षीची लाइन एकदम सॉलिड आहे."

राजाभाऊंनी करक, म्हणजे तिथल्या आटवलेल्या दुधाळ चहाचा कागदी कप टेबलावर ठेवला. डूलीबद्दल वावगा शब्द त्यांना खपत नसे. सात समुद्रांपलीकडच्या त्या सव्वाशे किलोच्या माणसाला ते जन्मात भेटले नव्हते, पण त्याची बाजू ते सख्ख्या मेहुण्यासारखी लावून धरत. त्यांनी रिझवानला विचारलं की एका झटक्यात पाचांतले तीन गडी बदलून कुठे टीम होते का, आणि नवीन पोरांना एकमेकांच्या पायांत न अडखळता उभं राहायलाच अर्धा सीझन जाईल, असंही सुनावलं.

दुबईतल्या रास अल खोरच्या गाड्यांच्या बाजारात मोईनचं ऑफिस होतं. अमेरिकेतून बोटीने आलेल्या जुन्या गाड्या तो दुरुस्त करून विकायचा. राजाभाऊंनी सतरा वर्षांपूर्वी त्याच्याकडून एक गाडी घेतली. गाडी कधीच मोडीत गेली, मैत्री राहिली. गेले दोन सोमवार संध्याकाळी ऑफिसातून सुटले की ते इथे येत आणि दोघं मिळून अमेरिकेतल्या एका टीमची आदल्या दिवशीची फुटबॉल मॅच बघत. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, एकमेकांना धडका देत पळायचा. अख्ख्या दुबईत या खेळावर मराठीतून भांडणारी बहुधा ही दोनच माणसं असावीत. आज तिसरा आला होता. रिझवान हा मोईनचा मेहुणा, दहा वर्षं न्यू जर्सीत राहून नुकताच इकडे नोकरीला आलेला.

मोईनला खरं तर या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो राजाभाऊंसाठी बघायचा. राजाभाऊ मुलासाठी बघायचे. आणि मुलगा, सिद्धांत, गेल्या डिसेंबरात गेला होता.

राजाभाऊ एका कन्स्ट्रक्शन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कुठल्या नकाशाची कितवी आवृत्ती कोणाला गेली, जुनी परत आली का, तिच्यावर रद्दचा शिक्का बसला का, हे बघण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. कामात एकही चूक नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही नाहीत. सिद्धांत फार्मसी शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथेच एका हॉस्पिटलात लागला, तेव्हा बापलेकांत बोलायला विषय उरेना. जेवलास का, थंडी आहे का, पैसे आहेत का, एवढं झालं की फोन आईकडे. मग एकदा सिद्धांतने त्यांना त्याच्या शहराच्या टीमची मॅच दाखवली. राजाभाऊंना चेंडू घेऊन पळणाऱ्यांत काही राम वाटला नाही. त्यांचं लक्ष गेलं ते पुढे वाकून उभ्या असलेल्या पाच धिप्पाड माणसांकडे. मधला एक चेंडू मागे देतो तेवढाच, बाकी ही माणसं चेंडूला हातही लावत नाहीत. मागे चेंडू घेऊन उभ्या असलेल्या गड्याला, क्वार्टरबॅकला, कोणी शिवू नये, एवढंच त्यांचं काम.

"यांचं नाव कधी घेतात रे?" त्यांनी विचारलं होतं.

"चुकले की घेतात, बाबा."

तेव्हापासून राजाभाऊ त्या पाचांच्या लाइनचे झाले, आणि त्यातल्या त्यात डूलीचे. पाच सीझन बापलेकांनी प्रत्येक मॅच मिळून पाहिली. मॅच रविवारची, पण ती चालू असे तेव्हा इथे अपरात्र किंवा पहाट, आणि सकाळी ऑफिस. म्हणून नियम ठरला. सोमवारी सिद्धांतला सुट्टी असे. इथली संध्याकाळ, तिथली सकाळ, फोन समोर ठेवून दोघांनी एकाच वेळी रेकॉर्डिंग सुरू करायचं. तोवर निकाल कोणीच बघायचा नाही. सुरू करण्याआधी राजाभाऊ न चुकता विचारत, "काही कळलं नाही ना?" आणि सिद्धांत सांगे, "शपथ, काही नाही." क्रिकेटचा निकाल दुबईत वॉचमनही सांगून टाकतो. हा टाळायला काहीच कष्ट नव्हते.

डिसेंबरातल्या त्या सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला. मित्राकडून जेवून परतताना बर्फावरून सिद्धांतची गाडी घसरली होती. संध्याकाळी जी मॅच बघायची होती ती राहिली ती राहिलीच.

राजाभाऊंनी तिचा निकाल कधी पाहिला नाही. गेल्या सीझनची एक ओळ वाचली नाही. जोवर तो कळत नाही तोवर सिद्धांतबरोबर बघायची एक मॅच अजून शिल्लक आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हे वेडेपण आहे हे त्यांना कळत होतं. फक्त मोईनला त्यांनी ते सांगितलं होतं, आणि मोईनने नऊ महिने ते सांभाळलं. आज त्याने मेहुण्याला बजावलंही होतं, कालचा स्कोअर बोलायचा नाही. डिसेंबरचं सांगायचं तेवढं त्याच्याकडून राहून गेलं.

रिझवान आता रंगात आला होता. डूली म्हातारा झाला, त्याचे पाय उचलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. राजाभाऊ म्हणाले, पुरावा दे.

"पुरावा? अंकल, डिसेंबरची ती संडे नाइटची मॅच आठवा ना. दोन मिनिटं राहिलेली, आपण तीन पॉइंटनी पुढे. त्यांचा माणूस डूलीच्याच बाजूने आत घुसला, क्वार्टरबॅकच्या हातातून बॉल गेला, खलास. चार पॉइंटनी हरलो. त्याच दिवशी ठरलं, लाइन बदलायची."

मोईन खुर्चीतून उठला होता. "रिझवान, बस कर," तो म्हणाला.

"मी कालचं कुठे काय बोललो?"

मोईनचा चेहरा पाहून रिझवानने हातातला कप खाली ठेवला. राजाभाऊंनी कप उचलला, त्यात चहा नव्हता, तो परत ठेवला. आत काहीतरी कायमचं बंद झाल्यासारखं त्यांना वाटलं. डिसेंबरात हॉस्पिटलच्या माणसाने फोनवर इंग्रजीत सांगितलं तेव्हाही असं वाटलं नव्हतं. तेव्हा काही नीट कळलंच नव्हतं.

"त्याची काही चूक नाही, मोईनभाई," ते म्हणाले. "मीच पुरावा मागितला."

मोईन त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला. माफ करा, माझी गलती झाली, असं तो दोनदा म्हणाला आणि त्यांचा हात बराच वेळ सोडला नाही. राजाभाऊंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडी काढली. मनखूलमधल्या घरापर्यंत ते सगळ्यात कडेच्या लेनमधून सावकाश आले.

विभावरी गवार मोडत बसली होती. दोन सोमवार नऊच्या आत न आलेला नवरा सातलाच दारात पाहून तिने हातातली शेंग ताटात टाकली.

"हरले," राजाभाऊ चपला काढता काढता म्हणाले. "चार पॉइंटनी."

तिने कोण हरलं असं विचारलं नाही. कुठली मॅच असंही विचारलं नाही. ज्या बाईने पाच वर्षांत त्या खेळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं तिने मान खाली घातली, आणि राजाभाऊ तिथेच थांबले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

"सिद्धांतने."

मग तिने बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. तुम्ही ऑफिसला गेलात की त्याचा फोन यायचा, त्याची झोपायची वेळ. त्या सोमवारीही आला. मित्राच्या घरून बोलत होता, मागे गलका होता. मॅच आत्ताच संपली, हरलो, म्हणाला.

राजाभाऊ खुर्चीवर बसले. "आधीच पाहिली? नियम मोडून?"

"प्रत्येक वेळी पाहायचा, अहो. तिकडे रविवारी सगळे मित्र जमायचे, एकटा कसा राहणार? सगळ्यांबरोबर बघायचा आणि सोमवारी परत तुमच्याबरोबर. बाबांना सांगायचं नाही, असा माझ्याकडून शब्द घेतला होता त्याने."

राजाभाऊंना काय काय आठवायला लागलं. बाबा, आता पाणी आणायला उठू नका, असं तो सांगायचा आणि पुढच्याच डावात गडी सत्तर यार्ड पळायचा. पोराची नजर काय आहे, असं त्यांनी ऑफिसात चार जणांना सांगितलं होतं. हरायची मॅच असली की तो सुरुवातीलाच म्हणायचा, आज आपलं काही खरं नाही. पाच सीझन. तीन-तीन तासांची प्रत्येक मॅच पोराने दोनदा पाहिली होती, आणि दुसऱ्यांदा पाहताना तितकाच ओरडला होता. राजाभाऊंना हसू आलं. ते हसले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. डिसेंबरात नातेवाइकांसमोर आलं नव्हतं, ते आज गवारीच्या ताटासमोर आलं. विभावरीने त्यांना रडू दिलं. तिचं रडून झालेलं होतं, रोज सकाळी, ते ऑफिसला गेल्यावर, फोन यायच्या वेळी.

"शेवटचं काय बोलला?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"म्हणाला, डूलीमुळे हरलोय, बाबांना फार लागेल. तू आत्ता काही बोलू नकोस." तिने ताटातली एक शेंग उचलली. "म्हणाला, उद्या ते बघतील तेव्हा मी असेन ना बरोबर."

खिडकीखाली कोणीतरी गाडी लावायला जागा मिळेना म्हणून हॉर्न वाजवत होतं. राजाभाऊंनी तोंड धुतलं, बाहेर येऊन टीव्ही लावला आणि मागच्या सीझनच्या यादीत खाली खाली जात डिसेंबरपर्यंत आले. बोट बटणावर ठेवून ते क्षणभर थांबले. सवयीने विचारायचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

विभावरीने ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि ती त्यांच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसली. पडद्यावर दिव्यांनी उजळलेलं मैदान आलं, वरून बारीक बर्फ पडत होतं. ती बराच वेळ त्या गर्दीत कोणाला तरी शोधत असल्यासारखी बघत राहिली.

"आपले कुठल्या रंगात आहेत?" तिने विचारलं.

"पांढऱ्या," राजाभाऊ म्हणाले. "ते पुढे वाकून उभे आहेत ना, ते पाच."

तिने डोळ्यांवर चष्मा चढवला आणि पाच माणसं मोजली.