आतल्या खिशाचा पाचवा दोरा

वाचकहो, प्रस्तुत कथेत एका कोटाचा, एका कागदाचा व एका अक्षम्य विस्मरणाचा वृत्तांत यथाक्रम निवेदन करण्यात येत आहे. निवेदक व्यवसायाने शिंपी असून त्याचे शिक्षण सातवीच्या सहामाहीपर्यंतच झालेले आहे. तथापि त्याने यात पदरचे काहीही घातलेले नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या ज्येष्ठ नटांना सर्वजण मामा म्हणतात, कारण त्रेपन्न चित्रपटांत त्यांनी नायकाच्या मामाचेच काम केले. साहजिकच त्यांच्या पत्नी साऱ्या जगाच्या मामी झाल्या. यंदा मोठ्या चित्रपट पुरस्कारासाठी मामांचे नामांकन झाले आणि त्यांचा कोट शिवण्याचा मान मजकडे आला.

शेवटच्या ट्रायलला मामांनी घडी केलेला एक कागद आतल्या खिशात सरकवला.

"मास्तर, हा इथेच राहू द्या. घरी नेला तर विसरेन."

"भाषण आहे का?"

"भाषण कसलं! सगळ्यांत वर हिचं नाव आहे. बारा वर्षांपूर्वीचं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ते कोणाला ठाऊक नव्हते? एका लहानशा बक्षिसाच्या वेळी दिव्यांचा झोत तोंडावर पडताच मामांची मती गुंग झाली होती. त्यांनी दिग्दर्शकापासून जनरेटरवाल्यापर्यंत सर्वांचे आभार मानले आणि मामींचे तेवढे राहून गेले. मामी भांडल्या नाहीत. मात्र तेव्हापासून मामांनी "माझा चष्मा कुठे आहे?" असे विचारले तरी उत्तर येते, "मला काय विचारता? जनरेटरवाल्याला विचारा."

"या वेळी चुकलो," मामा म्हणाले, "तर उरलेलं आयुष्य जनरेटरवाल्याबरोबरच काढावं लागेल!"

आता माझ्या कामाची एक रीत सांगणे अगत्याचे आहे. कोटाला शेवटची इस्त्री करण्यापूर्वी मी पाचही खिशांची तोंडे पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी बंद करतो, जेणेकरून खिसे फुगत नाहीत. कोट देताना ते टाके उसवतो आणि निघालेले दोरे भिंतीवरील खिळ्याला गुंडाळून ठेवतो. गिऱ्हाईक संतुष्ट झाल्याचे कळले, की मगच ते काढतो. मामांचा कागद आत तसाच ठेवून मी त्या खिशालाही टाके घातले.

रविवारी दुपारी सोहळा होता. दुकानातील टीव्हीसमोर मी व माझी मेहुणी बसलो होतो. मेहुणी माझ्याकडे काजबटण करते आणि चित्रपटसृष्टीतील यच्चयावत बातम्या तिला मुखोद्गत असतात.

"ती निळ्या झग्यातली बघा, भाऊजी. तिचं त्या दाढीवाल्याशी बिनसलंय. दोघं कशी दोन टोकांना उभी आहेत!" इतक्यात ती ओरडली, "मामा आले! खांदा काय बसलाय हो!"

माझी छाती अभिमानाने फुगली. मी सहज खिळ्याकडे पाहिले. तेथे चारच दोरे होते.

"पाचवा दोरा कुठे गेला?"

"केरात गेला असेल."

"केर काढला का तू?"

"तुम्ही हात तरी लावू देता का कशाला?"

म्हणजे आतल्या खिशाचे टाके उसवायचे राहूनच गेले होते. मी फोन लावला. मामांचा फोन बंद होता.

"बंदच ठेवायला लावतात तिथे," मेहुणी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही मामींचं नाव शिवून टाकलंत!"

पुढचा अर्धा तास, ते बक्षीस दुसऱ्या कोणालाही मिळो, अशी इच्छा मी बाळगली, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो. परंतु पाकीट उघडले आणि नाव मामांचेच निघाले.

मामा मंचावर गेले. बक्षिसाची बाहुली हाती घेतली. दुसरा हात कोटाच्या आत घातला आणि तो तेथेच अडला. त्यांनी छाती चाचपली. माइकमधून कागदाची कुरकुर साऱ्या सभागृहाला ऐकू आली. मामांच्या कपाळावर घाम डवरला. मेहुणीने डोळ्यांवर ओढणी घेतली.

तेवढ्यात मामांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिले व हाक मारली, "अगं, जरा वर ये बाई. खिसा शिवलेला आहे."

मामी उठल्या. मंचावर जाऊन त्यांनी चष्मा लावला, केसांतील पिन काढली आणि हजारो लोकांसमक्ष मामांच्या कोटात डोके घातले.

"हलू नका," त्यांचा आवाज माइकमधून आला. "उभे राहा नीट. पोट आत घ्या."

सभागृह हसण्याने दणाणून गेले. टाका उसवला, कागद बाहेर आला. मामांनी तो उघडला आणि पहिलेच नाव खणखणीत आवाजात वाचले. मामींचे खरे नाव मला त्या दिवशी प्रथमच कळले. ते मी येथे लिहीत नाही. तो मान मामांचाच राहू द्यावा.

मामींनी पिन पुन्हा केसांत खोवली. मग माइककडे वाकून म्हणाल्या, "जनरेटरवाले दादा, आजपासून तुम्हाला सुट्टी."

त्या आनंदात मामा उरलेला कागद न वाचताच हसत खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सर्व वाहिन्यांवर दोनच बातम्या होत्या: 'भर मंचावर उसवला टाका' आणि 'दिग्दर्शक नाराज?'

सकाळीच उभयता दुकानात आले. पाठ करून ठेवलेले क्षमेचे वाक्य मी हात जोडून सुरू केले. मामींनी ते पुरे होऊ दिले नाही.

"मास्तर, पुढच्या कोटालाही टाका राहू द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर हे मला वर बोलवायचे नाहीत."

"आणि दिग्दर्शकाचं काय?" मामांनी विचारले.

"ते तुमचं तुम्ही बघा."

मग पर्स उघडून त्यांनी एक पांढरा दोरा माझ्या हातावर ठेवला. मी तो खिळ्याला गुंडाळला. पाच झाले. गिऱ्हाईक संतुष्ट असल्याचे कळूनही ते पाच दोरे मी अद्याप काढलेले नाहीत.

येथवर धीर धरून वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार. यात कोणाचे नाव राहून गेले असल्यास तो दोष खिशाचा नसून माझा समजावा.

आपला नम्र,
टाचणीमास्तर
(ओठांत टाचण्या धरून बोलत असल्यामुळे पडलेले नाव)